लाल मोटारीचा रंग आणि घरातली हवा

मला ज्याचे उत्तर हवे होते तो प्रश्न असा : धातूच्या जुन्या, लहानशा मोटारीवर हाताने दिलेला रंग घरातल्या वस्तूंनी काढता येतो का, आणि तो काढत असताना त्याच घरात राहणाऱ्या दमेकरी माणसाच्या श्वासाला अपाय होणार नाही, अशी व्यवस्था करता येते का?

प्रश्नाला दोन भाग आहेत हे मुद्दाम सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. दोन भागांचा प्रश्न आला की मुले पहिला भाग पानभर लिहीत आणि दुसरा विसरून जात. या प्रश्नात माझ्या दृष्टीने मोलाचा होता तो दुसरा भाग, कारण तो दमेकरी माणूस म्हणजे माझे यजमान.

यजमानांची नोकरी कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत मोजणीच्या कामावर झाली. निवृत्तीनंतर आम्ही बेसा भागात दुसऱ्या मजल्यावर घर घेतले, मोकळी हवा मिळेल म्हणून. हवा मिळाली, पण ती आत ओढून घेणारी छाती तोवर थकली होती. गेल्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "धूळ, धूर आणि उग्र वास. या तिन्हींपासून जपा. पुढच्या वेळी इतका वेळ हाताशी असेलच असे नाही." त्या दिवसापासून आमच्या फोडणीत लाल मिरची पडत नाही आणि देवापुढे उदबत्ती लागत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. साथीच्या वर्षांत आलेल्या तापात यजमानांची वास घेण्याची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. त्यांना त्याची गंमत वाटते. "आता तू भाजी जाळली तरी मले पत्ता लागत नाही. सुखी संसार!" असे ते पाहुण्यांना सांगतात. मला मात्र तेव्हापासून भीती वाटत आली आहे. वास ही धोक्याची पहिली घंटा असते. ती घंटा त्यांच्या कानी जात नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचाही वास मी घेते. गॅसच्या शेगडीपाशी थांबते, दाराशी थांबते, खालच्या मजल्यावर कुणी काही जाळत असेल तर खिडकी लावते. घरातले एकच नाक दोघांसाठी काम करते, असे म्हणायला हरकत नाही.

आता मोटारीकडे येते. आमच्या पुढच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. त्यात यजमानांनी हौसेने जमवलेल्या लहान लहान मोटारी आहेत. खऱ्या मोटारीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या, तळहातावर मावणाऱ्या, वजनदार. त्या खेळण्यासाठी नव्हत्या. परंतु आमची मुलगी लहान असताना हा भेद तिला मान्य नव्हता. तिला मोटार हवी होती आणि ती लालच हवी होती. यजमानांनी त्यातली एक मोटार घेतली, फाटकाला दिलेल्या तैलरंगाचा तळाला उरलेला डबा उघडला आणि मोटार लाल केली. मुलीने ती मनसोक्त खेळवली. खिडक्यांच्या प्लॅस्टिकच्या काचा फुटून गेल्या, टायर निघून हरवले. मुलगी मोठी होऊन परगावी गेली, आणि मोटार पुन्हा कपाटात आली. जाड, ओघळलेल्या लाल रंगाची, दारांच्या रेषाही बुजलेल्या अशी.

हिवाळ्यातल्या आजारपणानंतर यजमान ती मोटार बाहेर काढून हातात धरून बसू लागले. एके काळी जो हात मोजणीच्या दुर्बिणीच्या काट्यावर स्थिर राही, तोच हात आता मोटार धरताना थरथरत असे. एका सकाळी ते म्हणाले, "याच्या खालचा रंग एकदा पाहायचा आहे मले. हिरवी होती ही. कच्च्या कैरीसारखी."

"राखाडी होती," मी म्हणाले.

"काहीतरीच! महाल भागातल्या दुकानातून मी आणली अन् तू मले सांगते?"

"तुम्ही आणलीत, पण पिशवीतून मी काढली. राखाडी."

"असं का? मंग पुरावा दाखव, मास्तरीण. पुराव्याशिवाय मार्क देत नव्हती न तू पोरायले?"

मी हसले. दुसऱ्याच क्षणी ते हसू विरले, कारण रंग काढायचा म्हणजे काय काय उघडावे लागेल हे मला ठाऊक होते. पण त्यांनी त्या हिवाळ्यानंतर दुसरे काही मागितलेच नव्हते. जेवण मागत नसत, बाहेर जायचे म्हणत नसत. एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. मला नाही म्हणता आले नाही.

मी पद्धतशीर सुरुवात केली. घरात रंगावर चालेल असे जे जे होते ते सगळे मोरीतल्या कट्ट्यावर मांडले आणि एकेका बाटलीपाशी उभी राहून विचार केला. शौचालय साफ करण्याचे आम्ल मी ताबडतोब बाजूला केले. या मोटारी जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्तावर आम्ल पडले की बुडबुडे येतात, वायू निघतो, आणि धातू झिजतो; हा प्रयोग मी वर्गात इतक्या वेळा दाखवला आहे की परीक्षानळीतला तो फसफस आवाज मला आजही ऐकू येतो. नाली मोकळी करण्याचा दाहक सोडा दुसरा. तो रंग खातो हे खरे, पण तो धातूही खातो आणि कातडीही. झाकण अर्धे उघडले आणि तसेच पुन्हा घट्ट लावले. साथीच्या दिवसांपासून पडून असलेले सॅनिटायझर कापसावर घेऊन मोटारीच्या पोटाशी घासले, तर लाल रंग जराही हलला नाही. मुलीने मागे ठेवलेली नेलपॉलिश काढण्याची बाटली केव्हाच सुकली होती.

उरले थिनर. गॅलरीची जाळी रंगवली तेव्हाची अर्धी बाटली माळ्यावर होती. तिच्या बुचापाशी नाक नेले आणि डोळ्यांत पाणी आले. हीच ती वस्तू, जी या घरात उघडायची नाही. पण कापसाच्या टोकावर थेंबभर घेऊन मोटारीच्या पोटाला लावले, तर लाल रंग सुरकुतला, मऊ झाला आणि कापसावर आला. त्याच्या खाली काहीतरी फिकट दिसले. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का केलेला असतो, तो तितक्या लवकर सुटत नाही. याचा अर्थ वरचा थर काढून खालचा राखता येणार होता. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मिळाले होते. मी बाटली बंद केली आणि अनेक दिवस तिला हात लावला नाही. मला भीती वाटत होती.

"झाली का परीक्षा?" यजमान रोज विचारत.

"अजून तयारी चालू आहे."

"इतकी तयारी तर पोरं बोर्डाच्या परीक्षेचीही करत नाहीत. काहून भेऊन राहिली वं? थिनरच आहे. मी का पिऊन टाकणार आहो?"

त्यांना कसे सांगणार, की ती बाटली मला विषासारखीच दिसत होती?

तोवर उन्हाळा आला. आमच्या गॅलरीला लागून निजायची खोली आहे. त्या खोलीच्या खिडकीला, गॅलरीच्या बाजूने, कूलर बसवलेला आहे. आमच्या शहरात उन्हाळ्यात दुपारी माणसे कूलरच्या समोर असतात, दुसरीकडे कुठेही नसतात. यजमानांचा पलंग त्या खिडकीसमोरच आहे. कूलर चालू असताना गॅलरीत थिनर उघडायचे नाही, इतके मला समजत होते. मोठा पंखा आहे, वास इकडेतिकडे पसरेल, असा माझा साधा हिशेब होता. म्हणून मी वाट पाहत राहिले. अखेर एके दिवशी दुरुस्तीसाठी दुपारी वीज बंद राहणार असल्याचा संदेश आला, आणि मला वाटले, हीच वेळ. कूलर बंद, पंखे बंद, हवा स्थिर.

मी काय काय केले ते क्रमाने सांगते, कारण त्यातले बहुतेक सगळे बरोबर होते. वीज गेल्यावर यजमानांना निजायच्या खोलीतून उठवून पुढच्या खोलीत नेले. जिन्याचे दार उघडून त्यांना तिथे खुर्ची दिली, म्हणजे जिन्याकडची हवा येत राहील. त्यांना म्हणाले, "लाईट येईपर्यंत इथेच बसा. तिकडे येऊ नका."

"आज्ञा, बाई," ते म्हणाले.

मग गॅलरीत गेले. दार ओढून घेतले आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल दाबला. वारा आहे का हे पाहण्यासाठी दोरीवर वाळत घातलेल्या साडीकडे पाहिले. तिचा पदर सरळ खाली लोंबत होता. गॅलरीच्या अगदी कठड्यापाशी, खिडकीपासून जितके लांब जाता येईल तितके लांब, स्टूल ठेवले. स्टीलच्या वाटीत थिनर ओतले, मोटार त्यात पालथी ठेवली आणि वर ताटली झाकली. हातात हातमोजे घातले होते, पण ते थिनरने चिकट होऊ लागले म्हणून काढून ठेवले. थोड्या वेळाने ताटली काढून जुन्या ब्रशने काम सुरू केले.

लाल रंग हळूहळू सुटू लागला. आधी त्यावर बारीक सुरकुत्या येत, मग तो दुधावरच्या सायीसारखा सरकत असे. कापसाचे बोळे मी बाजूला रचत होते. उन्हाने डोके तापले होते, साडी पाठीला चिकटली होती, आणि तरी एका गोष्टीचे समाधान वाटत होते की, भीती धरून का होईना, सगळे नियमानुसार चालले आहे.

आणि वीज आली. माझ्या मागे कूलर धडधडला आणि सुरू झाला. त्याच्या जाळ्यांतल्या गवतावर पाणी पडू लागले. आमच्या गावात वीज गेली म्हणून कूलरचे बटण कुणी बंद करत नाही. ते तसेच ठेवायचे, म्हणजे वीज आली की घर आपोआप गार व्हायला लागते. मीही केले नव्हते. घरातून यजमानांचा आवाज आला.

"आली वं लाईट!"

"आली एकदाची!" मीही ओरडून म्हणाले. मला आनंद झाला. वाटले, बरे झाले, आता त्यांना गार वाटेल. कूलर चालू असताना थिनर उघडायचे नाही, हा माझाच नियम कामाच्या भरात मला आठवला नाही. मी त्यांना काय सांगितले होते ते आठवा : लाईट येईपर्यंत बसा. ते तेवढेच बसले. काम संपेपर्यंत बसा, असे मी म्हणाले नव्हते. ते उठले, निजायच्या खोलीत गेले आणि कूलरसमोर पलंगावर बसले. मला ते दिसले नाही, कारण दार बंद होते. कूलरच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हते.

मी काम करीत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या वेळाचा अंदाज मी नंतर पुष्कळदा बांधून पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी तो लांबला आहे. मात्र एक गोष्ट मी त्या वेळीच टिपली होती. कूलर सुरू झाल्यावर गॅलरीतला थिनरचा वास कमी झाला. नाकाला झोंबत होता तो झोंबेनासा झाला. मी मनात म्हटले, चला, वारा सुटलेला दिसतो, वास बाहेर चालला आहे. निरीक्षण बरोबर होते. अनुमान चूक होते.

मग कापसाचा एक बोळा हलला. लाल रंगाने भिजलेला, अर्धवट वाळलेला तो बोळा स्टुलावरून उचलला गेला, फरशीवरून घरंगळत गेला, आणि कूलरच्या मागच्या जाळीला चिकटून बसला. ओल्या गवतावर लाल ठिपका.

मी ब्रश हातात धरून त्या ठिपक्याकडे पाहिले. वर्गात मुलांना विचारायची सवय असते, तसा प्रश्न मनात आला : बोळा कठड्याकडे न जाता खिडकीकडे का गेला? उत्तर मिळायला क्षणही लागला नाही. कूलर हवा तयार करीत नाही. तो पाठीमागची हवा ओढतो आणि पुढे फेकतो. पाठीमागे होते मी, आणि ती वाटी.

दार उघडेना. मीच दाबून बसवलेला टॉवेल दाराखाली गोळा झाला होता. मी तो पायाने ओढला, दार ढकलले, आणि आत गेल्याबरोबर तो वास आला. गॅलरीत कमी झालेला सगळा वास इथे होता, गार, ओलसर, दाट. यजमान पलंगाच्या कडेवर बसले होते. दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत वर चढलेले, तोंड उघडे. खोकला नव्हता. खोकला असता तर मला कमी भीती वाटली असती. गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती आणि एक बारीक शीळ ऐकू येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एक बोट वर केले, थांब म्हटल्यासारखे.

कूलरचे बटण बंद केले. त्यांना धरायला गेले आणि त्यांनी मान एकदम बाजूला वळवली. तेव्हा माझे माझ्या हातांकडे लक्ष गेले. बोटे लाल होती. हातांना, साडीला, पदराला थिनर होते. मी जितकी त्यांच्या जवळ जाईन तितका तो वास त्यांच्या नाकाशी नेईन, आणि त्यांच्या नाकाला तो कळणारही नाही, छातीलाच कळेल. इतक्या वर्षांत मला असे कधी वाटले नव्हते, की या माणसापासून मी दूर राहावे हेच त्याच्या हिताचे आहे.

"उठा," मी गॅलरीच्या दारापर्यंत मागे सरून म्हणाले. "जिन्याकडे चला. भिंतीला धरून या. मी मागे आहे."

ते उठले. एकेक पाऊल टाकत पुढच्या खोलीतून जिन्यात आले आणि पायरीवर बसले. मी वरूनच खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला हाका मारल्या. ती आमच्या मुलीच्या वयाची आहे, आम्हाला काका-काकू म्हणते. कणकेच्या हातांनीच ती वर आली.

"काय झालं काकू? काका काहून असे बसले?"

"हात पूस. कपाटावर त्यांचा दम्याचा पंप आहे आणि त्याला लावायचे नळकांडे आहे. दोन्ही आण."

तिने आणले. "आता?"

"पंप हलव. जोरात. नळकांड्याच्या मागच्या भोकात बसव. पुढचे तोंड त्यांच्या ओठांत दे. आता दाब. अहो, तुम्ही हळू ओढा. हळू."

"काकू, तुम्ही तिथं काहून उभ्या? या न इकडे! मले जमत नाही हे!"

"जमते आहे. मला येता येत नाही. माझ्या अंगाला थिनरचा वास आहे."

"थिनर? घरात थिनर काहाले?" पंप हलवता हलवता ती म्हणाली. "तुमच्या घरी सायन्स लय झालं बाप्पा!"

मी चार पायऱ्या वर, भिंतीला पाठ लावून, हात मागे धरून उभी होते. तिथून मी तिला सांगत होते, केव्हा दाबायचे, केव्हा थांबायचे. आवाज माझा वर्गातला होता, ठाम आणि सावकाश. यजमानांच्या ओठांच्या रंगावरून मात्र माझी नजर हलत नव्हती. त्यांचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते. मी मनात रंगच मोजत राहिले. अजून जांभळा. अजून जांभळा. आता थोडा कमी आहे का, की मला तसे पाहायचे आहे म्हणून दिसते?

सुनेने रिक्षा बोलावली. तीच त्यांच्याबरोबर बसली. मी घरात जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात घासले, केस धुतले, धुतलेली साडी नेसले. अंगावर पाणी ओतताना मनात सारखे येत होते, की मी पोहोचेन तेव्हा सून दवाखान्याच्या दाराशी उभी असेल. दाराशी उभी असणे म्हणजे आतले माणूस गेलेले असणे, हे त्या हिवाळ्यात मी दुसऱ्या एका बाईच्या बाबतीत पाहिले होते. 

सून दाराशी नव्हती. ती आत, खाटेजवळच्या स्टुलावर बसून कणकेची वाळलेली बोटे चोळत होती. यजमानांच्या तोंडावर वाफाऱ्याचा मुखवटा होता आणि त्यातून पांढरी वाफ निघत होती. खांदे खाली आले होते. मी हात हुंगून पाहिले, मगच जवळ गेले. त्यांनी मुखवटा जरा बाजूला केला.

"प्रॅक्टिकलमध्ये नापास," ते म्हणाले.

सून खळखळून हसली. मला हसू आले नाही. मी त्यांचा हात धरला. 

घरी आल्यावर मी पहिले काम केले ते असे. गॅलरीच्या छतापासून एक साधा शिवणाचा दोरा टांगला, खाली हलकासा कागदाचा कपटा बांधला. कूलर बंद असताना दोरा ओळंब्यासारखा सरळ. कूलर चालू केल्यावर तो खिडकीकडे झुकला. मी दोरा कठड्यापाशी नेला, तरी झुकला. कोपऱ्यात नेला, तरी झुकला. संपूर्ण गॅलरीत अशी एकही जागा नव्हती जिथली हवा त्यांच्या पलंगाकडे जात नव्हती. मी जिला मोकळी हवा समजत होते, ती कूलर सुरू झाला की त्यांच्या खोलीचाच भाग होऊन जाई. मी त्या कपट्याकडे बराच वेळ पाहत राहिले. खोलीतून यजमान म्हणाले, "आता काय पाहून राहिली?" मी म्हणाले, "वारा." ते म्हणाले, "मंग मले काहून गार लागून नाही राहिलं?" कूलरचे पाणी संपले होते. मी पाणी भरले.

मोटारीचे सांगायचे राहिले. धावपळीत ती वाटीतच राहिली होती. थिनर उडून गेले होते, आणि बुडलेल्या टपाचा सगळा रंग, वरचा आणि खालचाही, गेला होता. तिथे नुसता उघडा धातू होता. उरलेली मोटार लालच होती. ती फेकून द्यावी असे मला वाटले. यजमान म्हणाले, "अर्धा पेपर सोडून उठतं का कोणी?"

म्हणून मग मी बिनवासाची रीत शोधली. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवला, मोटार त्यात बुडवून डबा झाकून ठेवला. तैलरंगात तेल असते आणि सोडा तेलाचा हळूहळू साबण करतो, इतके माझ्या विषयातले मला आठवत होते. काम फार सावकाश चालते. रोज पाणी बदलायचे, मोटार थोडा वेळच ठेवायची, धातू काळवंडतो का ते पाहायचे, आणि सुटलेला रंग दातांच्या जुन्या ब्रशने काढायचा. इथे वास नसल्यामुळे हे काम यजमानांनीच हातमोजे घालून केले. "हात आपोआपच थरथरतो," ते म्हणाले, "ब्रश हलवायची मेहनत वाचली." मी समोर बसून त्यांचा ब्रश पाहत नव्हते, श्वास ऐकत होते. श्वास अडखळला की मी उठे. त्यांच्या ते लक्षात आले, आणि ते खोकला दाबू लागले. मग मला दाबलेला खोकलाही ऐकू यायला लागला.

दारांच्या रेषा आधी उघडल्या. मग एका दाराखाली बोटाच्या नखाएवढा तुकडा दिसला. यजमानांनी मोटार खिडकीशी धरली आणि माझ्या हातात दिली. हिरवी होती. कच्च्या कैरीची म्हणता येणार नाही, वाळत आलेल्या वालाच्या शेंगेची म्हणता येईल, पण हिरवी.

"बरोबर?" त्यांनी विचारले.

"बरोबर. पूर्ण मार्क."

"अन् तुले किती?"

आतल्या खोलीत कूलर चालू होता, आणि तो चालू असला की गॅलरीत कुणी काही ठेवले तर नाही ना, हे उठून पाहिल्याशिवाय मला अजूनही राहवत नाही. मी उठले, पाहून आले. दोरा अजून तिथेच टांगलेला आहे. तो काढायचे धाडस मला झालेले नाही.

तेव्हा, पहिल्या भागाचे उत्तर : होय, धुण्याच्या सोड्याने, सावकाश आणि पूर्णपणे नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्या घरापुरते मला मिळाले : थिनरने नाही, सोड्याने होय; तुमच्या घराचे मला माहीत नाही, कारण तुमची खिडकी कुठे आहे आणि तिच्यासमोर कोण झोपते, हे मला माहीत नाही. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. कोणतीही उग्र वासाची बाटली उघडण्याआधी तिथे एक दोरा टांगा, घरातला कूलर आणि पंखे चालू करा, आणि तो कुणाच्या दिशेने झुकतो, हे कृपया स्वतः तपासून पाहा.